नेदरलँड्सच्या खेड्यात भाड्याचं घर: शोधापासून किल्लीपर्यंत

आइंडहोवनला लागून असलेल्या वेल्डहोवनला, चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या एएसएमएल कंपनीत नोकरी लागली की पुण्या-नाशिकहून निघालेली मंडळी घर शोधतात ते आइंडहोवनमध्ये. मेट्रो शहरातून आलेल्या माणसाचं डोकं तसंच चालतं. एकेका फ्लॅटवर अर्जांचा पाऊस पडलेला असतो, उत्तरं येत नाहीत, आणि मग ऑफिसातलं कोणीतरी म्हणतं, ‘अरे, गावाकडे बघ की.’ हे गाव म्हणजे आइंडहोवनच्या नैर्ऋत्येला पसरलेला केम्पनचा पट्टा. एर्सल, डाउझल, स्टेन्सल, क्नेग्सल, विंटेलरे, अशी शेवटी ‘सल’ किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी लागणारी नावं. मक्याची शेतं, मध्ये एक उंच चर्च, त्याभोवती विटांची घरं. स्टेन्सलहून वेल्डहोवनचं ऑफिस सायकलने अर्ध्या तासाच्या आत.

मी या पट्ट्यातलीच उदाहरणं घेणार आहे. कायदे मात्र सगळ्या देशाला सारखे आहेत, त्यामुळे फ्रीसलँडच्या किंवा लिम्बर्गच्या खेड्यात जाणाऱ्यालाही बहुतेक गोष्टी लागू पडतील.

एक गैरसमज आधी काढून टाकू. खेड्यात भाडं निम्म्यावर येतं, असं काही नाही. त्याच पैशात जागा जास्त मिळते: वर पोटमाळा, मागे अंगण, सायकलींसाठी शेड. वाचलेले पैसे दुसऱ्या गाडीत किंवा घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या बिलात जाऊ शकतात. तेव्हा हिशेब पूर्ण मांडायचा.

पायरी १: घराआधी गाव बघा

जाहिरातीतले फोटो बघून जीव लावण्याआधी एका कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि एका रविवारी त्या गावात चक्कर मारा. शक्यतो बसने, म्हणजे बसचं खरं रूप दिसतं. मोठ्या गावांना नेहमीची बस असते. छोट्या गावांत बऱ्याचदा फक्त ‘ब्यूर्टबस’ असते: आठ प्रवाशांची छोटी गाडी, ती गावातलेच निवृत्त काका-काकू स्वयंसेवक म्हणून चालवतात. ते हसून स्वागत करतात, पण संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ही बस सहसा नसते. घरात एकच गाडी आणि जोडीदार दिवसभर घरी असेल, तर हा मुद्दा भाड्यापेक्षा मोठा आहे.

भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स इथे नोंदणी झाल्यापासून १८५ दिवस चालतं. त्यानंतर डच लायसन्स लागतं. ज्यांना परदेशी तज्ज्ञांसाठीची ३० टक्क्यांची करसवलत मिळाली आहे, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना परीक्षा न देता ते बदलून मिळतं. इतरांना इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, आणि ती ना स्वस्त ना सोपी. खेड्यात राहायचं ठरवताना आपण यातल्या कुठल्या गटात आहोत, हे माहीत असलेलं बरं.

मग फोन करायचा तो डॉक्टरला. इथे ‘हाउसआर्ट्स’ म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवल्याशिवाय पुढचा कुठलाच तज्ज्ञ भेटत नाही, आपत्कालीन प्रसंग सोडला तर. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर नवे पेशंट घेणं बंद करतात. ‘या पिनकोडमधले नवे पेशंट घेता का?’ एवढंच विचारायचं. हा फोन घर घेण्याआधी करायचा, नंतर नाही.

मुलं असतील तर शाळा. चार वर्षांची झाली की मुलं प्राथमिक शाळेत जातात, पाचव्या वर्षापासून ते सक्तीचं. छोट्या गावात एखादीच शाळा असते आणि दोन इयत्ता एका वर्गात बसतात. ते वाईट नाही. उलट चार-पाच वर्षांचं पोर अशा शाळेत वर्षभरात डच बोलायला लागतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र आधी नवागतांच्या भाषावर्गात जावं लागण्याची शक्यता जास्त, आणि तो वर्ग तुमच्या गावात असेलच असं नाही. आइंडहोवनची इंटरनॅशनल शाळा हवी असेल तर रोज पोरांना कोण सोडणार, हे आधी ठरवा.

आणि नाक उघडं ठेवा. ब्राबांत हा डुकरांच्या गोठ्यांचा प्रांत आहे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर शेतात पातळ खत सोडायला सुरुवात होते, तेव्हा वारा तुमच्या दिशेने असला की खिडकी उघडवत नाही. डिसेंबरमध्ये घर पाहणाऱ्याला हे कळायचा काही मार्गच नसतो, म्हणून नकाशावर आजूबाजूला लांबलचक गोठ्यांची छपरं दिसतात का ते बघा. विंटेलरेच्या बाजूला आणखी एक गोष्ट: आइंडहोवनचा विमानतळ जवळ आहे.

पायरी २: कुठे शोधायचं

फुंडा आणि परारियस या दोन संकेतस्थळांवर अलर्ट लावा. शहराचं नाव न टाकता वेल्डहोवनभोवती पंधरा किलोमीटरचं वर्तुळ टाका, नाहीतर गावं दिसतच नाहीत. जाहिरात आल्यावर तासाभरात उत्तर गेलं पाहिजे. रात्री जेवण झाल्यावर निवांत लिहू म्हणालात तर दुसऱ्या दिवशी जाहिरात उतरलेली असते.

‘वोनिंगकॉर्पोरेशन’ची म्हणजे सामाजिक गृहसंस्थांची घरं स्वस्त असतात, पण त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे आणि रांग वर्षांची आहे. गावोगावी स्थानिक तरुणांना प्राधान्य देण्याची पद्धतही आहे. नवख्याने त्यावर विसंबून राहू नये.

खेड्यातली बरीच घरं मात्र जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत. कोणाची आई वृद्धाश्रमात गेली, कोणी दोन वर्षांसाठी कॅनडाला चाललं, कोणाचं घर विकायला काढलंय पण गिऱ्हाईक नाही. हे आधी शेजाऱ्यांना कळतं. म्हणून डच सहकाऱ्यांना सरळ सांगा की गावात घर शोधतोय. सुपरमार्केटच्या दाराजवळच्या फळ्यावर चिठ्ठी लावा. डचमध्ये चार ओळी: आम्ही कोण, कुठे काम करतो, घरात माणसं किती, धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाही, किती काळ राहणार. हसू नका, डिजिटल नेदरलँड्समध्ये ही चिठ्ठी अजून चालते. गावातल्या माणसाला ‘एएसएमएलमध्ये आहे’ एवढं वाक्य पगाराच्या पावतीइतकं बोलतं.

घरं मिळतात त्यांचे प्रकारही समजून घ्या. विकायला काढलेलं रिकामं घर मालक ‘लेगस्टांडवेट’ नावाच्या कायद्याखाली तात्पुरतं भाड्याने देऊ शकतो. त्यासाठी त्याच्याकडे पालिकेचा परवाना लागतो, किमान मुदत सहा महिन्यांची असते, आणि घर विकलं गेलं की तीन महिन्यांच्या नोटिशीवर तुम्हाला निघावं लागतं. एकट्या माणसासाठी किंवा पहिल्या वर्षासाठी ठीक. मुलांना शाळेत घातलंय अशांनी विचार करून घ्यावं. दुसरा प्रकार म्हणजे मालकाच्याच घरात एक-दोन खोल्या. यात पहिले नऊ महिने चाचणीचे असतात, त्या काळात मालकाला तुम्हाला काढणं सोपं असतं.

पायरी ३: या पत्त्यावर नोंद होईल का?

सगळ्या लेखातला एकच मुद्दा लक्षात ठेवायचा तर हा ठेवा. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल, तर आल्यापासून पाच दिवसांत ‘खेमेंटे’कडे नाव नोंदवावं लागतं. खेमेंटे म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायत, तलाठी आणि जन्म-मृत्यू कार्यालय एकाच खिडकीत. एर्सलच्या खेमेंटेत एर्सल धरून सहा गावं येतात. नोंद झाली की बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो. तो नसेल तर पगार, बँक, आरोग्यविमा, डॉक्टर सगळं अडतं. सरकारी लॉगिनचं, म्हणजे डिजिडीचं सक्रियतेचं पत्रसुद्धा नोंदवलेल्या पत्त्यावरच पोस्टाने येतं.

आता खेड्यातली मेख. रानात, तळ्याकाठी, सुंदर लाकडी बंगला, फर्निचरसकट, भाडं परवडणारं आणि लगेच उपलब्ध. असं दिसलं की तो बहुधा सुट्टीच्या पार्कमधला बंगला असतो, आणि तिथे कायमचं राहायला परवानगी नसते. शेतघराच्या आवारातल्या जुन्या गोठ्याचं केलेलं स्टुडिओ घर, एखाद्या वर्कशॉपच्या वरचा मजला, यांचंही तेच. मालक म्हणतो, ‘राहा की, फक्त इथे नोंद करू नका.’ असं म्हटलं की नम्रपणे उठायचं. कायद्याने नोंद तुम्ही खरोखर जिथे राहता त्याच पत्त्यावर करायची असते. नातेवाईकाचा किंवा मित्राचा पत्ता देऊन चालत नाही. जागा नियमात बसत नसली तरी खेमेंटे तुमची नोंद करते, पण त्यानंतर कारवाईचं पत्र येऊ शकतं आणि भर हिवाळ्यात घर शोधायची वेळ येते.

शंका असेल तर पत्ता घेऊन खेमेंटेला फोन करा: ‘इथे कायम वास्तव्याला परवानगी आहे का?’ ते सांगतात. मालक खरंच मालक आहे का हे बघायचं असेल तर ‘काडास्टर’ या भूमिअभिलेख कार्यालयाच्या संकेतस्थळावर काही युरो भरून नाव बघता येतं. आपला सातबारा काढण्यासारखंच. घर न दाखवता आगाऊ पैसे मागणारा, ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा माणूस फसवाच असतो, त्याच्यासाठी काडास्टरचे युरोही वाया घालवू नका.

नोंदणीला जाताना जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला लागतो, दोन्हींवर भारतातून आणलेलं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का हवा. इथे मराठी माणसाची एक खास अडचण येते. जुने ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे दाखले फक्त मराठीत असतात, काहींवर बाळाचं नावच नसतं. खेमेंटे डच, इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंचमधला कागद घेते, बाकी भाषांसाठी शपथबद्ध भाषांतरकार लागतो. निघण्याआधी गावाकडून नव्या नमुन्यातला, मराठी-इंग्रजी दोन्हींतला दाखला काढून घ्या आणि मगच अपोस्टिल करा. इथे आल्यावर भावाला तालुक्याला पिटाळत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. कंपनीने तज्ज्ञ म्हणून आणलं असेल तर आइंडहोवनच्या हॉलंड एक्सपॅट सेंटर साउथमध्ये निवास परवाना आणि नोंदणी एकत्र उरकता येते. तुमच्या गावची खेमेंटे त्यांच्याशी जोडलेली आहे का, ते विचारून घ्या.

पायरी ४: कागदांची फाइल

घर दिसल्यावर कागद गोळा करायला गेलात तर उशीर झालेला असतो. एकच पीडीएफ तयार ठेवा: नोकरीचा करार, शेवटच्या पगारपावत्या, पासपोर्ट, निवास परवाना आणि कंपनीचं ‘वेर्कखेवर्सफेरक्लारिंग’ हे पत्र. त्या पत्रात पगार, कराराची मुदत आणि करार संपल्यावर पुढे चालू ठेवण्याचा कंपनीचा इरादा असतो. एक वर्षाच्या करारावर आलेल्या माणसासाठी ती इरादा सांगणारी ओळच घरमालक आधी वाचतो. नुकतेच आला असाल आणि पगारपावती नसेल, तर तसं पहिल्याच मेलमध्ये लिहा आणि करार जोडा.

उत्पन्नाची अट सहसा भाड्याच्या तीन ते चार पट, तीही करापूर्वीच्या मासिक पगारावर. भाडं दीड हजार युरो असेल तर किमान साडेचार हजार. दोघं कमावत असाल तर दुसरा पगार पूर्ण धरतात की अर्धा, हे मालकागणिक बदलतं.

पासपोर्टची प्रत देताना बीएसएन झाकून, वर ‘अमुक पत्त्याच्या भाड्यासाठी, अमुक तारीख’ असं लिहून द्या. सरकारचं कोपीआयडी नावाचं मोफत ॲप हेच काम करतं. डच लोक हे बिनदिक्कत करतात, कोणी वाईट वाटून घेत नाही.

पायरी ५: घर बघायला गेल्यावर

एजंट, म्हणजे ‘माकेलार’, दारात उभा असतो. पंधरा मिनिटांची वेळ दिलेली असते, तुमच्या आधीचं जोडपं बाहेर पडत असतं आणि पुढचं कोपऱ्यावर गाडी लावत असतं. वेळेवर जा, म्हणजे खरंच वेळेवर. हात मिळवून नाव सांगा. आणि त्या पंधरा मिनिटांत स्वयंपाकघराच्या रंगाकडे बघू नका.

आधी कोपरे बघा. उत्तरेच्या भिंतीवर, कपाटाच्या मागे, बाथरूमच्या छताला काळे ठिपके म्हणजे बुरशी. नुकताच दिलेला पांढरा रंग एकाच कोपऱ्यात असेल तर हात लावून बघा, भिंत गार आणि ओलसर लागते का. खिडकीच्या दोन काचांच्या मध्ये जी पट्टी असते, तिच्यावर बऱ्याचदा काचेचा प्रकार आणि वर्ष छापलेलं असतं. ‘एचआर प्लस प्लस’ दिसलं तर बरं. एकेरी काच असेल तर हिवाळ्यात पडद्याआडून वारा येतो. मग बॉयलर शोधा. तो बहुधा पोटमाळ्यावर असतो, त्यावर शेवटच्या देखभालीची तारीख लिहिलेला स्टिकर असतो. घर किती ऊर्जा खातं ते सांगणारं एनर्जी लेबल जाहिरातीत असतंच, चांगल्या ए पासून वाईट जी पर्यंत. जी लेबलचं जुनं शेतघर फोटोत फार देखणं दिसतं. त्याच्या गॅसबिलाचा आकडा सध्याच्या भाडेकरूलाच विचारावा, मालकाला नव्हे. धूर ओळखणारा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा. १ जुलै २०२२ पासून ते बंधनकारक आहे.

जिना चढून बघा. डच जिना अरुंद आणि शिडीसारखा उभा असतो. आई-बाबा तीन महिने राहायला येणार असतील तर शौचालय खालीही आहे का, आणि आंघोळीसाठी त्यांना तो जिना रोज चढावा लागेल का, याचा विचार तिथेच करा. वॉशिंग मशीनची जागाही पुष्कळदा पोटमाळ्यावरच असते.

स्वयंपाकघरात एकच महत्त्वाची गोष्ट: चिमणीचा पंखा हवा बाहेर टाकतो की नुसताच आत फिरवतो. आत फिरवणारा असेल तर फोडणीचा वास सोफ्यात मुक्कामाला येतो आणि पहिल्याच मिरचीच्या ठेच्याला वरचा अलार्म वाजतो. शेगडी इंडक्शन असेल तर भारतातून ॲल्युमिनियमचा कुकर आणि खोलगट तवा आणून उपयोग नाही. चुंबक चिकटणारा, सपाट बुडाचा आणा.

घर कुठल्या अवस्थेत मिळणार हे तिथेच विचारा, कारण इथे तीन तऱ्हा असतात. ‘खेम्यूबिलेर्ड’ म्हणजे फर्निचरसकट. ‘खेस्टोफेर्ड’ म्हणजे जमिनीवर काहीतरी अंथरलेलं, पडदे आणि बहुधा दिवे. आणि ‘काल’ म्हणजे उघडं घर. हे उघडं म्हणजे किती उघडं, याचा अंदाज आपल्याला येत नाही. जमिनीवर लॅमिनेट नाही, खाली कच्चं सिमेंट. छतातून दिव्याच्या जागी दोन वायरी लोंबतायत. खिडक्यांना पडदा तर नाहीच, पडद्याची दांडीही नाही. आधीचा भाडेकरू स्वतःच्या पैशाने बसवलेली जमीन काढून घेऊन गेलेला असतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण तोच भाडेकरू ती जमीन, पडदे, दिवे तुम्हाला विकायलाही तयार असतो. याला ‘ओफरनामे’ म्हणतात. घासाघीस करा, इथे ती चालते. बाकीचं सामान ‘क्रिंगलोप’ या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून आणि मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावरून घ्या. खेड्यातल्या क्रिंगलोपमध्ये सागवानी टेबलं रद्दीच्या भावात मिळतात. मग उरलेल्या गोष्टींसाठी सोनजवळच्या एकेर्सराइटच्या आयकियाची वारी आहेच.

पायरी ६: करार आणि पैसे

इथला भाडेकायदा भाडेकरूच्या बाजूने आहे, आणि गेल्या काही वर्षांत तो आणखी कडक झाला. करार लेखी हवा. १ जुलै २०२४ पासून बेमुदत करार हाच नियम आहे. विद्यार्थी, परदेशी गेलेला आणि परत येणारा मालक, वर सांगितलेलं विक्रीचं घर अशा मोजक्या अपवादांतच मुदतीचा करार करता येतो. कारण न देता ‘एक वर्षासाठी’ असं लिहून दिलं, तरी कायदा तो करार बेमुदतच धरतो. पहिले बारा महिने तुम्ही सोडू शकत नाही, अशी अट मात्र असू शकते, ती वाचून घ्या.

अनामत रक्कम, म्हणजे ‘बोर्ख’, जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. मूळ भाडं आणि सेवाशुल्क करारात वेगळं लिहिलेलं हवं. सगळं धरून एकच आकडा दिलेला असेल तर आधी फोड करून मागा. एजंट मालकासाठी काम करत असेल, म्हणजे त्याने मालकाचं घर जाहिरातीत टाकलं असेल, तर तो तुमच्याकडून दलाली घेऊ शकत नाही. ‘प्रशासकीय शुल्क’, ‘करार शुल्क’ अशा नावांनी मागितलं तरी नाही. घर हवंय म्हणून लोक गुपचूप भरतात. भरलं असेल तर पावती जपा, नंतर परत मागता येतं.

भाडं किती असावं यालाही गणित आहे. घराचं क्षेत्रफळ, एनर्जी लेबल, पालिकेने ठरवलेली किंमत, स्वयंपाकघर यांचे गुण मोजतात. जुलै २०२४ पासूनच्या नव्या करारांत १४३ गुणांपर्यंतचं घर स्वस्त गटात, १४४ ते १८६ मध्यम गटात, आणि १८७ पासून पुढे खुला बाजार. २०२५ मध्ये स्वस्त गटाची कमाल मर्यादा ९००.०७ युरो आणि मध्यम गटाची १,१८४.८२ युरो होती. या रकमा दरवर्षी बदलतात. जानेवारी २०२५ पासून मालकाने करारासोबत गुणांचा तक्ता द्यायचा आहे. दिला नाही तर मागा, आणि ‘ह्यूरकमिसी’ या भाड्याचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः मोजून बघा. करार सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत हे करा, कारण खुल्या गटाचं भाडं तपासून घ्यायची मुदत तेवढीच आहे. तक्रारीचं शुल्क भाडेकरूला २५ युरो. खेड्यात ‘मालकाशी वाईटपणा कशाला’ असं वाटतं, पण मालकालाही हा कायदा ठाऊक असतो.

दरवर्षीची भाडेवाढही मर्यादेत असते. २०२५ मध्ये खुल्या गटाला कमाल ४.१ टक्के होती.

पायरी ७: किल्लीचा दिवस

या दिवशी घाई करायची नाही. मालक किंवा एजंटसोबत खोलीखोलीत फिरून स्थितीचा अहवाल करायचा. टाइलला तडा, दाराला ओरखडा, सिंकखाली ओल, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढून त्याच दिवशी मेल करा. घर सोडताना तुमचे पैसे याच मेलवर ठरतात.

मग मीटरच्या कपाटापाशी जा. स्मार्ट मीटरचा पडदा आकडे फिरवत असतो. १.८.१ आणि १.८.२ हे वापरलेल्या विजेचे, कमी आणि जास्त दराचे. छतावर सोलर असेल तर २.८.१ आणि २.८.२ हे परत दिलेल्या विजेचे. गॅसचा आकडा घनमीटरमध्ये. पाण्याचं मीटर बहुधा दाराजवळ जमिनीतल्या झाकणाखाली असतं, ओणवं होऊन टॉर्च मारावा लागतो. सगळ्यांचे फोटो काढा. वीज-गॅसची कंपनी तुम्ही निवडायची. पाणी या भागात ब्राबांत वॉटर देतं, तिथे फक्त नाव नोंदवायचं. वीज-गॅसचा मासिक हप्ता अंदाजाने ठरतो आणि वर्षाअखेरीस हिशेब येतो. सुरुवातीला हप्ता मुद्दाम कमी ठेवणाऱ्यांना पुढच्या वर्षी एकदम मोठं बिल येतं.

काही महिन्यांनी दोन पाकिटं येतात, ती फसवणुकीची नसतात. एक खेमेंटेचं, कचऱ्याच्या कराचं. दुसरं वॉटरस्खाप डे डोमेलचं, म्हणजे या भागाचं पाणी सांभाळणाऱ्या मंडळाचं. सांडपाण्याचा कर एकट्या माणसाला एका एककाचा आणि दोन किंवा जास्त माणसांच्या घराला तीन एककांचा लागतो, मग तुम्ही दोघंच असा की सहा.

दुरुस्तीचं वाटप कायद्यात लिहिलेलं आहे. बॉयलर बंद पडला, छत गळलं, तर मालक. नळाचा वायसर, बल्ब, तुंबलेलं सिंक, रेडिएटरमधली हवा काढणं हे तुमचं. आणि अंगणही तुमचं: गवत कापणं, कुंपणाची झाडं छाटणं, फरशांमधलं तण काढणं. हे शेवटचं फार मनावर घ्या. फ्लॅट संस्कृतीतून आलेल्या आपल्याला तण दिसतच नाही, आणि खेड्यातल्या शेजाऱ्याला सगळ्यात आधी तेच दिसतं.

शेजारी

किल्ली मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांची बेल वाजवा. नाव सांगा, कुठून आलो ते सांगा, पाच मिनिटांत निघा. त्यांनी आत बोलावलं तर जा. फोन न करता पुन्हा जाऊ नका. एवढ्या एका फेरीतून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपात प्रवेश मिळतो, कुठला कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा ते कळतं, आणि सुट्टीवर गेलात तर तुमचं पार्सल घेणारं माणूस मिळतं. कचऱ्याचं खरंच विचारून घ्या. ओला, कागद, प्लास्टिक, उरलेला असे वेगळे डबे असतात, आणि अनेक खेमेंटेंत उरलेल्या कचऱ्याचा डबा जितक्या वेळा रिकामा कराल तितके पैसे पडतात.

रविवारी ड्रिल मशीन चालवू नका. गणपतीला आरतीला वीस माणसं येणार असतील तर आधी चिठ्ठी टाका, आणि जमलं तर मोदकही पाठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्नावाल येईल तेव्हा अख्खं गाव रंगीबेरंगी कपड्यांत रस्त्यावर असतं, गाण्यांचा आवाज रात्री उशिरापर्यंत असतो. तेव्हा तुम्ही तक्रार करायची नाही, मिरवणुकीत उभं राहायचं.

घर सोडताना

भाडेकरूची नोटीस साधारण एक महिन्याची असते, रजिस्टर्ड पत्राने द्या. मालकाला शेवटच्या दिवसाच्या दोन आठवडे आधी पाहणी करायला बोलवा, म्हणजे काय दुरुस्त करायचं ते तुम्हाला स्वतः करता येतं; मालकाने नंतर लावलेलं बिल नेहमी महाग असतं. अनामत १४ दिवसांत परत यायला हवी, काही वजा करायचं असेल तर ३० दिवसांत, आणि तेही हिशेबासकट. नेदरलँड्समध्येच दुसरीकडे जात असाल तर नव्या खेमेंटेला घर बदलल्यापासून पाच दिवसांच्या आत कळवा. भारतात परत निघाला असाल तर विमानात बसण्याआधीच्या पाच दिवसांत आपल्या खेमेंटेतून नाव काढून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षीची करांची पाकिटं तुमच्या नावाने त्याच दारात पडत राहतात.